मुले तीन, जिवंत चार

यवतमाळच्या एका क्लासवाल्यांनी गेल्या महिन्यात मला बोलावलं होतं. त्यांच्या अकरा मुलांना मेडिकलला प्रवेश मिळाला होता आणि 'मेडिकल कसं पार पाडावं' यावर मी पाऊण तास सल्ले द्यायचे होते. शाल, नारळ, पाण्याची बाटली असं सगळं यथासांग होतं. मी जे सांगितलं ते कुणीही सांगितलं असतं. झोप मोडू नका. पहिल्याच वर्षी महागडी पुस्तकं घेऊ नका, सीनियरची जुनी चालतात. मेस बंद करून बिस्किटांवर दिवस काढू नका. घरी फोन करताना रडू आलं तर खुशाल रडा. मुलं वहीत उतरवून घेत होती. मागच्या खुर्च्यांवर त्यांचे आईबाप बसले होते, तेही उतरवून घेत होते.

उतरवून घेणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. मी बोलता बोलता थांबले आणि म्हटलं, नुसतं लिहू नका, एखादा प्रश्न विचारा. कुणी विचारला नाही. शेवटी क्लासचे मालक उठले आणि टाळ्या वाजल्या.

मी राहते त्या मारेगावला परत येताना एसटीत मी संतापाने नुसती धुमसत होते. राग त्या पोरांचा नव्हता. मला मिळालेल्या सल्ल्याचा होता, तो देणाऱ्यांचा होता आणि तो मुकाट्याने ऐकणाऱ्या एका मुलीचा होता. क्लासमध्ये जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

माझं कॉलेज आता बंद पडलं आहे, त्यामुळे ठिकाण सांगायला हरकत नाही. कळंब सोडून यवतमाळकडे निघालं की काही किलोमीटरवर उजव्या हाताला पिवळ्या रंगाची तीन मजली इमारत होती. संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव. कॉलेज त्यांचं, हॉस्पिटल त्यांचं आणि हॉस्पिटलच्या मागची साठ एकर कपाशीही त्यांचीच. बायकांचा वॉर्ड तळमजल्यावर मागच्या अंगाला होता. अठरा खाटा, आठ खिडक्या, आणि सगळ्या खिडक्या कपाशीकडे उघडणाऱ्या. ही गोष्ट २००६ च्या सप्टेंबरातली. त्या साली अळी काही केल्या हटत नव्हती. दर आठवड्याला फवारणी चालायची. वारा आमच्याकडे वळला की सिस्टर खिडक्या लावून घ्यायची. मग वॉर्डात उकडायचं, पण लसणासारखा एक वास लावलेल्या खिडक्यांतूनही आत यायचा.

त्या काळात जिल्ह्यातले शेतकरी कसे मरत आहेत ते बघायला दिल्लीहून पेपरवाले यायचे. आम्ही दोनशे भावी डॉक्टर रोज त्याच खिडक्यांपाशी उभे असायचो, आणि आमच्यापैकी एकालाही बाहेर बघायची गरज वाटत नव्हती.

मी राजूरची. बाबा तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. आमच्या वस्तीतून डॉक्टर व्हायला निघालेली मी पहिली. सुट्टीत घरी गेले की विहारासमोर बसलेली म्हातारी माणसं मला हात पुढे करायची, नाडी बघ म्हणायची. मला तेव्हा काही येत नव्हतं, तरी मी गंभीर चेहरा करून बघायची. मी नापास होणं ही माझ्या एकटीची गोष्ट नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या वर्षी मेडिसिनच्या वॉर्डात बारा पेशंटच्या केसेस लिहाव्या लागत. पेशंटजवळ बसायचं. नाव, गाव, काम, घरी कोण, काय होतंय, कधीपासून होतंय, सगळं विचारायचं. याला हिस्टरी घेणं म्हणतात. मग तपासायचं आणि जर्नल नावाच्या जाड वहीत सगळं लिहून काढायचं. मोठ्या सरांच्या बारा सह्या झाल्याशिवाय परीक्षेला बसू देत नसत. मोठे सर म्हणजे मेडिसिनचे प्रमुख. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे.

मी पहिल्या आठवड्यात खरोखर पेशंटजवळ बसले. एका म्हातारीने मला तिच्या गुडघ्यापासून सुरू करून भावाच्या लग्नापर्यंत नेलं, त्यात दीड तास गेला. हे अतुलदादाने पाहिलं. अतुलदादा माझ्या एक वर्ष पुढे होता आणि सल्ले देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"उर्वशी, तू कायले पेशंटच्या मागं लागून राह्यली?" तो म्हणाला. "अशानं तुह्या बारा केसेस कधी होतीन?"

"मग काय करू दादा?"

त्याने बॅगेतून खाकी कव्हरचं जर्नल काढलं. "हे उतरव. मले माह्या सीनियरनं देल्लं, त्याले त्याच्या सीनियरनं, नऊ बॅचपासून चालू आहे. नाव बदल, वय बदल, गाव बदल. बाकी एक अक्षर बदलू नको. अन् कोणाले सांगू नको. हे दर साली एकालेच देतेत, दोघाइनं उतरवलं तं पकडले जातीन."

"अन् सरांनी वाचलं तर?"

"मोठे सर वाचत नाई. सही करतेत."

हा मला मेडिकलमध्ये मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला. त्यावर मी तिसरं वर्ष पार पाडणार होते.

दोन दिवसांत अकरा केसेस उतरवून झाल्या; बारावी त्या म्हातारीची, तीही न तपासता लिहिलेली. सातवी केस दम्याची होती. अतुलदादाच्या वहीत तिचं नाव कौसल्या होतं, वय अडतीस. मी विचार न करता भुरीबाई लिहिलं. आमच्या राजूरला शेजारी भुरी नावाची शेळी होती, तिची आठवण झाली असावी. वय बेचाळीस केलं. गाव खैरगाव, तालुका मारेगाव. बाकी सगळं जसंच्या तसं. दम लागतो, चौदा वर्षांपासून. नातेवाईक नाहीत. आणि एका ओळीत लिहिलं होतं: मुले तीन, जिवंत चार.

मी थांबले. कुणाच्या तरी हातून आकडे उलटे पडले होते हे उघड होतं. चार झाली असतील, तीन जगली असतील. पण माझ्याआधी नऊ बॅचच्या नऊ जणांनी ते तसंच उतरवलं होतं आणि त्यावर नऊ सह्या झाल्या होत्या. मी पेन उचलून धरलं होतं. मग अतुलदादाचं आठवलं, एक अक्षर बदलू नको. मीही तसंच लिहिलं. केसच्या शेवटी होतं: चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मृत्यू. तेही उतरवलं.

सोमवारी मोठ्या सरांनी चहा पिता पिता सगळ्या सह्या केल्या. भुरीबाईच्या पानावर कपाचा गोल डाग पडला.

मंगळवारी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा अमिना सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन दारातच भेटली.

"सात नंबर को देख ले, बेटा," ती म्हणाली. "नवीन आहे. बाहेर बाकावर एकलीच बसून होती. कोन सोडून गेलं, मालूम नाही."

खाटेच्या पायाशी केसपेपर लटकत होता. भुरीबाई. वय ४२. रा. खैरगाव, ता. मारेगाव.

मला आधी हसू आलं. ही अतुलदादाची गंमत असणार. मी वळून त्याला शोधलं, पण वॉर्डात आमच्यातलं कुणीच नव्हतं. सिस्टरला विचारलं, हे नाव कुणी लिहिलं? ती म्हणाली, केसपेपरच्या खिडकीवरच्या क्लार्कने, बाईनेच सांगितलं असेल, और कोन सांगणार. माझं जर्नल त्या वेळी मोठ्या सरांच्या कपाटात कुलपात होतं.

बाई सडपातळ होती. उशीला टेकून बसली होती आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पदराने पुसायची. लुगड्याचा पाठीकडचा भाग ओला होता. मी स्टूल ओढून बसले.

"काय होते, बाई?"

"दम लागते."

"कधीपासून?"

"चौदा वर्सं झाले."

"घरी कोण आहे?"

"नातेवाईक नाई."

"मुलंबाळं?"

"तीन," ती म्हणाली. मग जरा थांबून, पुढचा शब्द दिसल्यासारखं म्हणाली, "जिती चार."

खिडक्या बंद होत्या. पंखा चालू होता. पलीकडच्या खाटेवरची बाई डब्यातला भात खात होती. मी पेन हातात धरून बसले होते आणि माझ्याने काहीच लिहवत नव्हतं.

"तीनच झाली तर चार जिवंत कशी, बाई?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही भयानक नव्हतं. शाळेत उत्तर बरोबर देऊनही बाई पुन्हा का विचारतात, हे न कळलेल्या मुलीसारखं ते पाहणं होतं.

"तसंच आहे थे," ती म्हणाली.

तेवढ्यात माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. हात मांडीशेजारी होता आणि खालीवर होत होता. मूठ वळलेली, कोपरातून हलणारी, एका लयीत. मी तो हात धरला. थांबला. सोडला की पुन्हा सुरू. मी राजूरची असले तरी शेतं पाहिलेली होती. पाठीवर फवारणीचा पंप घेतला की उजव्या हातात नळी असते आणि डाव्या हाताने दांडा असाच मारत राहावं लागतं.

मग मी तिला तपासलं, त्या वर्षातली पहिलीच बाई जिला मी खरोखर तपासलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक. अंगभर घाम. मांडीचे स्नायू कातडीखाली फुरफुरत होते. घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहिली, नव्हती. पाय स्वच्छ होते, चप्पल नव्हती. पाठीवर कमरेपासून खांद्यापर्यंत चौकोनी लाल चट्टा होता, गळक्या पंपाच्या मापाचा. आणि लुगड्याला तो लसणाचा वास. दम्याने बाहुल्या अशा बारीक होत नाहीत. हे विष होतं आणि ते पाठीतून आत गेलं होतं.

विषावर औषध आहे. अॅट्रोपिन. वेळेवर आणि पुरेसं दिलं तर माणूस उठून बसतो. दमा म्हणून उपचार केले तर मरतो. एवढा साधा हिशेब होता.

वॉर्डातला हाउसमन डॉ. रोशन नुकताच इंटर्नशिप संपवून लागला होता. मी त्याला ओढत आणलं. त्याने टॉर्च मारून डोळे पाहिले, पाठ पाहिली, एकदा दाराकडे पाहिलं.

"दमा नाही हा," तो हळूच म्हणाला. "पण इथं फवारणी लिहीत नाहीत, उर्वशी. तुला माहीत आहे ना शेत कुणाचं आहे? विष लिहिलं की पोलीस येतात."

"आधी औषध द्या. लिहायचं मी बघते."

त्याने दिलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा दिलं. दुपारपर्यंत लाळ थांबली, घरघर कमी झाली. बुधवारी सकाळी ती न टेकता बसली होती आणि अमिना सिस्टरच्या हातून चहा पीत होती. मी केसपेपरच्या पहिल्या पानावर सगळं लिहून काढलं. फवारणी, पाठीवरचा चट्टा, बाहुल्या, अॅट्रोपिनची वेळ. खाली माझं नाव, रोशनची सही. बुधवारी मी मेसमध्ये दोन वेळा भाजी मागून घेतली, इतकी मला भूक लागली होती.

गुरुवारी, तिसऱ्या दिवशी, मी पुन्हा स्टूल घेऊन बसले. यावेळी जर्नलमध्ये नसलेलं विचारायचं ठरवलं होतं.

"पंप कोणाचा होता, बाई?"

तिने पदर सारखा केला.

"कोणाच्या वावरात फवारत होत्या? खिडकीच्या मागच्या?"

ती खिडकीकडे वळली नाही. डावा हात हलत होता.

"तोंडाला फडकं बांधलं होतं का? किती दिवस फवारलं? तुमच्यासोबत आणखी कोण बाया होत्या?"

तिने ओठ हलवले. प्रयत्न करत होती हे दिसत होतं. कपाळाला घाम आला, आणि तो विषाचा नव्हता. मग ती दमून उशीवर टेकली.

"थे लिहेल नाई ना, बाई," ती म्हणाली.

उठून पळावंसं वाटलं. पण मी उठले नाही, याचं श्रेय मी आजही स्वतःला देते. दुसरं देण्याजोगं काही नाही.

"मी लिहिते," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते. तुमचं खरं नाव काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी ठेवलं थेच."

शुक्रवारी नऊ वाजता मोठे सर राउंडला आले. सातव्या खाटेपाशी त्यांनी केसपेपर वाचला. मी त्यांना काही वाचताना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी तो काखेत घेतला आणि मला बोटाने केबिनकडे खुणावलं.

केबिनमध्ये त्यांनी कपाट उघडून माझं जर्नल काढलं. चहाच्या डागाचं पान बरोबर उघडलं आणि केसपेपर शेजारी ठेवला.

"भुरीबाई, बेचाळीस, खैरगाव," ते म्हणाले. "इथे तुमच्या अक्षरात दमा आहे. इथे तुमच्याच अक्षरात फवारणी आहे. यातलं एक खोटं आहे. कोणतं, ते तुम्ही ठरवा."

"सर, जर्नलवर सोमवारची तारीख आहे. ती बाई मंगळवारी आली."

"मग?"

"सर, ती आलीच नव्हती तेव्हा मी लिहिलं. उतरवलं. असं कसं होईल?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज अजिबात चढला नव्हता.

"दर वर्षी एखादी असते," ते म्हणाले. "जर्नल खोटं म्हणता? लेखी द्या. न पाहिलेल्या पेशंटच्या केसेस लिहिल्या आणि माझ्या सह्या घेतल्या, असं लिहा. तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. कदाचित कधीच नाही. वडील कुठे असतात तुमचे?"

"राजूरला. खाणीत."

"तर मग केसपेपरचं पहिलं पान पुन्हा लिहा. हा कोरा कागद. दम्याचं औषध मी सुरू करायला सांगितलं आहे."

मी सांगते, त्या क्षणी मला काय काय सुचलं. सदाशिवरावांच्या दारात जाऊन ओरडावं. तो कागद त्यांच्या तोंडावर फेकावा. कळंबच्या पोलीस ठाण्यात चालत जावं, असं काही लांब नव्हतं. या सगळ्या गोष्टी आज मी भाषणात सांगू शकते आणि टाळ्या मिळवू शकते. प्रत्यक्षात मी खुर्ची पुढे ओढली. विहारासमोर हात पुढे करून बसलेली माणसं डोळ्यांपुढे होती आणि मी त्यांच्या नावावर लिहू लागले. हेही खोटंच. मी माझ्यासाठी लिहिलं.

दम लागतो. चौदा वर्षांपासून. नातेवाईक नाहीत.

अक्षर चांगलं येत होतं.

मुले तीन, जिवंत चार.

मोठ्या सरांनी कागद वाळायला पंख्याखाली धरला. जुनं पान चार घड्या करून खिशात घातलं.

मी वॉर्डात पळत गेले. रोशन नव्हता; त्याला सकाळीच ओपीडीत पाठवलं होतं. अॅट्रोपिनचं कपाट बंद होतं आणि किल्ली अमिना सिस्टरकडे नव्हती.

"बडे सर लेके गये," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "मी दोनदा मांगली, बेटा."

भुरीबाईचा श्वास पुन्हा घरघरत होता. मी तिला उठवून बसवलं, तोंड पुसलं, मान पुढे धरली. खिडकी उघडली तर वास आला, म्हणून पुन्हा लावली.

"बाई, मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "खरं लिहिलं होतं."

तिने मान हलवली. तिला माहीत होतं. मला वाटतं दुसरं पानही तिला माहीत होतं.

डावा हात हळू झाला.

मग थांबला.

भिंतीवरच्या घड्याळात मी मुद्दाम पाहिलं नाही. सिस्टरने पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, कारण ते नोंदवावं लागतं.

अकरा चाळीस.

दमा लिहिलेला होता म्हणून पोलीस आले नाहीत, पोस्टमॉर्टेम झालं नाही. दोन दिवस वाट पाहिली. खैरगावला निरोप पाठवला होता, तिथे या नावाची बाई कधी नव्हतीच. बेवारस प्रेत पहिल्या वर्षाच्या विच्छेदनासाठी अॅनाटॉमीला देतात. त्याचा कागद मोठ्या सरांनी माझ्याच हातात दिला. "तुमची केस आहे," म्हणाले.

कागद घेऊन मी गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अॅनाटॉमीचा हॉल धुऊन काढलेला होता, संगमरवरी टेबलं ओली होती. तिथे रामधन नावाचे म्हातारे अटेंडंट होते, कॉलेज सुरू झाल्यापासूनचे. ते बिडी विझवून आत आले. स्ट्रेचरवर चादरीखाली ती होती. त्यांनी कागद घेतला, कपाटातून पत्र्याचा एक छोटा चौकोनी बिल्ला आणि खिळा काढला. बिल्ल्यावर नाव कोरून प्रेताच्या पायाला बांधायचा, अशी तिथली पद्धत.

"नाव काय लिवू, मॅडम?"

कागदावर होतं, पण रामधनकाकांना वाचता येत नव्हतं. एकेक अक्षर विचारून ते चित्रासारखं काढायचे. मला वाटलं, आता तरी ते नाव देऊ नये. पण दुसरं माझ्याजवळ नव्हतं. मी ते मागितलं होतं, फक्त तीन दिवस उशिरा.

"भुरीबाई," मी म्हटलं.

मी अक्षरं हवेत काढून दाखवली, त्यांनी ती खिळ्याने पत्र्यावर ओढली. मग चादर पायांवरून वर सारली.

डाव्या घोट्याला काळा दोरा होता. मंगळवारी मी त्याच घोट्यावर अंगठा दाबला होता, तेव्हा तिथे काही नव्हतं. दोऱ्यात पत्र्याचे बिल्ले ओवलेले होते, जुने, गंजलेले, एकावर एक. सगळ्यात वरचा जरा नवा होता. त्यावर कौसल्या असं कोरलेलं होतं. त्याच्या खाली इंदूबाई. इंदूबाई आमच्या मेसमध्ये पोळ्या करायच्या. कुणाला तरी गंमत सुचली असेल. त्याखालची नावं गंजली होती. मी मोजले. नऊ होते.

रामधनकाकांनी दोऱ्याची गाठ सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. दहावा बिल्ला ओवायला त्यांना जरा त्रास झाला. दोरा पुरत नव्हता. त्यांनी तो ओढून घट्ट बांधला, हात पुसले आणि पायाकडे बघत मान हलवली.

"या पायाले आता जागा नाई राह्यली, मॅडम," ते म्हणाले. "पुढच्या साली दुसरा पाय धरा लागन."